इंजिनातलं तेल वाढतंय

१२ जानेवारी, रविवार

गाडीचं ऑइल बदलायचं आहे आणि माझा निर्णय होत नाही. शंभू मेस्त्रीने दोन्ही डबे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक साधं मिनरल, माझे वडील, आबा, कायम घालतात ते जाड. दुसरं सिंथेटिक. मी दोन्ही डबे उलटून मागची बारीक अक्षरं वाचली. शंभू म्हणाला, "उद्या पेपर हाय का रं?"

त्याच्या मते सिंथेटिक उष्णतेत टिकतं, इंजिन आतून स्वच्छ ठेवतं, थंडीत लवकर सगळीकडे पोचतं. पण आमची गाडी जुनी डिझेल, तिची सीलं म्हातारी झालेली. आजवर जाड तेलावर निभावलं. पातळ तेल कुठून झिरपायला लागलं तर त्याला बोलायचं नाही. म्हणजे दोन्ही बाजू त्यानेच मांडल्या आणि निकाल माझ्यावर सोडला.

मला चुकून चालणार नाही. फौजेतून हवालदार ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यावर आबांनी ही गाडी घेतली. मागच्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आई त्यांना चालवू देत नाही, मी चालवतो. या महिन्यापासून मी सोमवारी आणि गुरुवारी कोरेगावहून साताऱ्याला डायलिसिसचे दोन पेशंट नेतो, दगडाबाई आणि सुमंत सर. तिथे मशीन ठरलेल्या वेळीच मिळतं. उशीर झाला की पाळी पुढच्याला जाते. पाळी हुकली की यांच्या अंगात पाणी साठतं, छातीपर्यंत चढतं, श्वास लागतो. हे तिथल्या सिस्टरने मला नीट समजावून सांगितलं. नसतं सांगितलं तर माझी झोप शाबूत राहिली असती.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत असूनही शंभूने गॅरेज उघडं ठेवलं होतं. सिंथेटिक घातलं. आबा सोबत आले होते. त्यांनी एक थेंब दोन बोटांत चोळून पाहिला. "ह्ये त्याल न्हाई, पानी हाय." मग लेहची गोष्ट सांगितली. तिथे पहाटे जाड तेल गोठायचं, म्हणून ट्रकच्या पोटाखाली शेगडी ठेवून ते पातळ करायचे आणि मगच काफिला निघायचा. मी म्हटलं, आबा, हीच तर पातळ तेलाची बाजू झाली. शंभू हसला. आबा हसले नाहीत.

घरी येताना पुलावर त्यांनी विचारलं, "मग त्याल कवा बदलायचं म्हनतोस?"

टोमणा होता.

१६ जानेवारी, गुरुवार

इंजिनचा आवाज मऊ झाला आहे. सुमंत सरांनीही ओळखलं. ते शाळेत गणित शिकवायचे, त्यांना कशातही फरक पडलेला कळतो. दगडाबाईला तेलाचं सांगितलं तर म्हणाली, "बरं केलंस बाबा. आमचं रगत गाळत्यात, तुज्या गाडीचं त्याल बदलत्यात. आता बगू कोन जास्त चालतंय."

आमच्या घरी एक नियम आहे. बोनेट आबांचं. ते रोज उजाडताना 'फर्स्ट परेड' करतात. फौजेत गाडी हलवण्याआधी ड्रायव्हरने तेल, पाणी, पट्टा, टायर सगळं तपासायचं असतं, त्याला हे नाव. निवृत्त झाले तरी एक दिवस चुकला नाही. जुनं तेल गाडी थोडं थोडं खायची, म्हणून डिकीतल्या डब्यातून ते रोज घोटभर भरायचे. टायर, काचा आणि सीटा माझ्याकडे. बोनेटखाली मी हात घातलेला त्यांना खपत नाही.

संध्याकाळी आई म्हणाली, आबांना गाडीतून सोबत नेत जा. मी कारण विचारलं तर म्हणाली, तेवढीच तुला सोबत. म्हणजे अजून माझ्या हातावर तिचा विश्वास नाही. मला वाईट वाटलं, पण हो म्हणालो.

२० जानेवारी, सोमवार

आबा पुढच्या सीटवर होते. दगडाबाईला लेहच्या शेगडीची गोष्ट सांगितली. जरंडेश्वरचा डोंगर मागे पडल्यावर तीच पुन्हा सांगितली, तशीच्या तशी. सुमंत सरांनी दोन्ही वेळा तितक्याच मन लावून ऐकली आणि दुसऱ्यांदाही "मग काफिला वेळेत निघाला का?" असं विचारलं. सरांना खरंच फौजेची आवड दिसते.

पेशंट आत गेल्यावर मी चहा आणायला गेलो. परत आलो तर आबा दुसऱ्याच एका पांढऱ्या गाडीपाशी उभे राहून तिचं बोनेट उचकटत होते. गाडीवाला भडकला होता. मी माफी मागितली. लोकांच्या गाड्यांची तपासणी करायची ही सवय आता सोडायला हवी, असं मी त्यांना परतताना बोललो.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी गाडी चालू करताना मागून निळसर धूर आला. थोडाच, पण आला. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, एवढं मला माहीत आहे. दिवसभर आरशात मागचा रस्ता कमी आणि सायलेन्सरकडचा भाग जास्त पाहत होतो. दगडाबाई म्हणाली, "फुडं बग लेकरा, मागं मी हाय बगायला."

सिंथेटिकचा निर्णय चुकला का?

२ फेब्रुवारी, रविवार

आबा दाढी करायला सलूनमध्ये गेले. हल्ली आई त्यांच्याबरोबर जाते आणि बाहेर बाकावर बसून राहते. एवढ्या वर्षांत कधी न केलेली हौस. घर मोकळं मिळालं म्हणून मी बोनेट उघडलं.

तेल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. परत पुसून पाहिलं. तेच.

कमी व्हायला हवं होतं. तेल जळतंय तर ते वाढतं कसं? आई-आबा यायच्या आत बोनेट लावलं आणि हात साबणाने दोनदा धुतले.

३ फेब्रुवारी, सोमवार

पेशंटना घरी सोडून थेट शंभूकडे गेलो. आबांना आधी घरी उतरवलं. शंभूने पट्टी पाहिली, नाकाशी नेली, एक थेंब कागदावर टाकून पसरू दिला. म्हणाला, पाणी शिरलं असतं तर तेल दुधाळ झालं असतं, ते नाही. मग तेल दोनच वाटांनी वाढतं. एक तर इंजेक्टरमधून डिझेल आत गळतं. तसं असेल तर वास येतो आणि तेल पातळ होतं. इथे वास नाही, उलट तेल जाड लागतंय.

"आनि दुसरी वाट?"

"कोनतरी घालतंय."

मी म्हटलं, शक्य नाही. बोनेटला आबांशिवाय कोणी हात लावत नाही आणि त्यांनी आयुष्यभर फौजेच्या गाड्या सांभाळल्या. किती तेल घालायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको.

शंभू बराच वेळ हात पुसत राहिला. मग विचारलं, "आबा बरं हाईत न्हवं?" मी म्हटलं, एकदम ठणठणीत. त्याने जादाचं तेल खालून सोडलं, खुणेवर आणलं आणि सांगितलं की भरपूर तेल झालेलं डिझेल इंजिन एखाद्या वेळी स्वतःचंच तेल ओढून पळत सुटतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही. "रोज बगत जा. सोता."

हे त्याने सांगायला नको होतं. आता माझ्या डोक्यात दुसरं काही राहणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा वाढलं. खुणेच्या वर बोटभर.

फोनवर खूप वाचलं. एकाने लिहिलंय की जुन्या इंजिनात सिंथेटिक घातल्यावर आतला साठलेला गाळ सुटतो. दुसरा म्हणतो असं काही नसतं. वाढण्याबद्दल कुणीच लिहीत नाही. मला वाटतं आधीचं तेल पूर्ण निघालं नसावं आणि दोन्ही तेलं एकत्र येऊन काहीतरी होतंय.

मी हार मानली. जेवताना आबांना म्हणालो, तुमचंच खरं होतं, सिंथेटिक काढून पुन्हा मिनरल घालू.

त्यांनी घास थांबवला. "सिंथेटिक? माज्या गाडीत कुनी घातलं?"

मलाही राग आला. मी म्हटलं, तुमच्यासमोर तर घातलं, किती दिवस टोचून बोलणार आहात? आई मध्येच म्हणाली, भाकरी गरम आहे, आधी जेवा. तिचा आवाज कसातरीच झाला होता. आमच्या भांडणांचा तिला त्रास होतो. मी ठरवलं, या विषयावर आता बोलायचं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दगडाबाईच्या हाताची शीर, जिथून मशीनला जोडतात, ती बंद पडली. गेल्या दोन वेळा मानेतल्या नळीवरून डायलिसिस केलं आणि त्या नळीला आता पू धरलाय. डॉक्टरांनी तिच्या सुनेला सांगितलं की दुसऱ्या हातात लगेच वापरता येणारी कृत्रिम शीर बसवायचं ऑपरेशन तातडीने व्हायला हवं, जंतू रक्तात गेले तर बाई हाताला लागणार नाही. ते करणारे सर्जन सांगलीला फक्त मंगळवारी असतात. म्हणजे उद्या.

मी शंभूकडे जाऊन तेल पुन्हा खुणेवर आणलं. त्याच्यासमोर मी स्वतः पट्टी पाहिली. मिनरल घालायला वेळ नाही, ते परत आल्यावर. दुसऱ्या गाड्यांसाठी तीन जणांना फोन केले, लग्नसराईमुळे एकही मोकळी नाही.

दगडाबाई फोनवर म्हणाली, "तुज्या गाडीनंच जायाचं. तू लय हळू चालवतोस, तवर मरनाला कटाळा यील."

उद्या निघण्याआधी पट्टी पुन्हा पाहणार.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज शिवजयंती, तासगावची गॅरेजं बंद आहेत. गाडी गावाबाहेर एका बेदाण्याच्या शेडपाशी उभी आहे. मी आणि आबा शेडमालकांच्या ओसरीवर. सगळं क्रमाने लिहितो.

काल उजाडताना मी बाहेर आलो तेव्हा आबा बोनेट खाली करत होते. फडक्याला हात पुसत "ओके" म्हणाले. पट्टी पाहायची होती. पण त्यांनी तपासून लावलेलं बोनेट त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा उघडायचं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणं. आई दारात उभी होती. तेवढ्यात सुनेचा फोन आला की बाईला ताप भरलाय, लवकर या. मी मनात म्हटलं, काल संध्याकाळी तर खुणेवर होतं, एका रात्रीत काय होतंय. आणि निघालो.

रहिमतपूर, पुसेसावळी, विटा. डॅशबोर्डच्या काट्यांवर सगळं ठीक होतं. मागे सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून दगडाबाई पडली होती. विटा सोडल्यावर एका चढावर द्राक्षांचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर पुढे होता. त्याला ओलांडायला मी ॲक्सिलेटर दाबला. ट्रॅक्टर मागे पडला, मी पाय उचलला, पण आवाज खाली आला नाही.

उलट चढत गेला. आरशात रस्ता दिसेना, नुसता धूर. मी क्लच दाबला तसं इंजिन किंचाळायला लागलं. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, सगळी गाडी त्या आवाजाने थरथरत होती. किल्ली फिरवली. सगळे दिवे विझले आणि इंजिन तसंच चालू. मी किल्ली ओढून काढायला गेलो तर आबांनी माझ्या मनगटावर फटका मारला.

"किल्ली सोड, स्टेरिंग लॉक हुईल. रस्त्याकडं बग."

मी पाहिलं.

"पाचवा टाक. ब्रेक पुरा दाब, पुरा. आता क्लच सोड. सोड म्हनतो ना."

मी सोडला. गाडीने एक मोठा हिसका दिला, दगडाबाई सीटवरून घसरली, इंजिन दोन-तीनदा गुरगुरलं आणि मेलं. इतकी शांतता झाली की ट्रॅक्टरवरचं गाणं मागून जवळ येताना ऐकू आलं.

आबांच्या आवाजात जरासुद्धा थरथर नव्हती. पटापट सगळ्यांना उतरवलं, चाकामागे दगड लावला, कोणालाही बोनेटजवळ येऊ दिलं नाही. शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायका धावत आल्या, पाणी दिलं. त्यांचे मालक भाऊसो सांगलीला सौद्याला निघाले होते. त्यांनी काही न विचारता जीपमधली पोती उतरवली आणि दगडाबाईला आत झोपवलं. मी दहा वेळा तरी माफी मागितली असेल. तिने तापलेल्या हाताने माझा हात धरला.

"मी पोचते. तू बापाकडं बग."

मला वाटलं, त्यांना धक्का बसलाय असं तिला म्हणायचं असेल.

जीप गेल्यावर फडकं काढायला मी डिकी उघडली. आबांचा मिनरलचा डबा आडवा पडला होता. शनिवारी मीच तो नवीन आणून ठेवला होता, पुढे तेल बदलायचं म्हणून. त्याचं झाकण उघडं होतं. मी उचलला तर हलका लागला. उलटा केला. दोन थेंब पडले.

पुलावरचा प्रश्न, साताऱ्यातली पांढरी गाडी, सलूनबाहेरचा बाक, सगळं एकापाठोपाठ आठवत गेलं. सुमंत सर दुसऱ्यांदाही तोच प्रश्न का विचारत होते ते कळलं. मग मी डबा डिकीतल्या चादरीखाली सरकवला.

इंजिन थंड झाल्यावर आबांनी बोनेट उघडलं. पट्टी काढली. ती वरपर्यंत तेलाने निथळत होती. त्यांनी ती माझ्यासमोर धरली. त्यांच्या नखांमध्ये तेच तेल होतं.

"कुनी भरलं येवडं?"

मी फडकं पुढे केलं.

"पेशंट होती गाडीत. मेली असती. कुनी भरलं ते सांग."

ते माझ्याकडे पाहत होते आणि खरोखर विचारत होते. त्यांना माहीत नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं असतं ते मला दिसलं.

"मी, आबा. मी भरलं. बघितलं नाही नीट."

आयुष्यात ते मला इतकं बोलले नव्हते. फौजेत असतास तर आत टाकला असता, म्हणाले. शेडमधल्या बायका काम थांबवून ऐकत होत्या. त्यातली एक म्हणाली, आवं दादा, पोरगं हाय, चुकतंय. आबा तिला म्हणाले की पोरगं नाही, ड्रायव्हर आहे. शेवटी त्यांनी पट्टी पुसून जागेवर बसवली.

"उद्यापासनं फर्स्ट परेड तू करायची. मी शेजारी हुबा ऱ्हानार. माज्यासमोर माप बगितल्याबिगर डब्याला हात लावायचा न्हाई. कळलं?"

मी म्हटलं, "व्हय."

संध्याकाळी सुनेचा फोन आला. ऑपरेशन झालं, मानेतली नळी काढली, ताप उतरतोय. मी ओसरीवरून उठून शेडच्या मागे गेलो आणि तिथे रडलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

परवा टोचन लावून, दुसऱ्या गाडीने ओढत, गाडी शंभूकडे आणली. इंजिन वाचलं, टर्बोचं काम करावं लागलं. शंभूने आबांबद्दल काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याने पुन्हा दोन्ही डबे टेबलावर ठेवले. मी या वेळी मागची अक्षरं वाचली नाहीत. सिंथेटिकच घे म्हटलं. पहिल्या वेळीही तेलाची काही चूक नव्हती. शिवाय आता ते रोज घोटभर भरावं लागणार नाही. भरावं लागणार नाही असंच तेल मला हवं होतं. उरलेला मिनरलचा साठा त्याच्याकडेच ठेवला.

आई स्वयंपाकघरात होती. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आधीपासून. मोतीबिंदू हे एक निमित्त मिळालं गाडी सोडवायला. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं?

"तुला एका धुरानं झोप लागत न्हाई. ह्ये कसं सांगनार हुते?"

पुढच्या आठवड्यात त्यांना साताऱ्याला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. त्यांना सांगायचं काय, ते अजून ठरत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

उजाडताना आबा स्वेटर घालून गाडीपाशी उभे होते. मी बोनेट उघडलं, पाणी पाहिलं, पट्टा दाबून पाहिला, तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून त्यांच्यासमोर धरली. बरोबर खुणेवर. त्यांनी मान हलवली. मी बोनेट लावलं. दगडाबाई आज साताऱ्यात पहिल्यांदा नव्या हातावर डायलिसिस घेणार, उशीर करायचा नव्हता. किल्ली घेऊन मी दार उघडलं.

"त्याल बगितलंस का रं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. कधीच नव्हता.

"न्हाई बघितलं, आबा," मी म्हटलं आणि बोनेट उघडलं.